ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) २४ असताना लघवीतलं ऑक्झलेट ‘नॉर्मल’, कितपत धरायचं?

खडा_शंका: पुरुष, वजन ६८ किलो, कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वारंवार. २४ तासांच्या लघवीत ऑक्झलेट ३८ मिलिग्रॅम, क्रिएटिनिन ६२० मिलिग्रॅम. रिपोर्टवरची मर्यादा ४५. म्हणजे हायपरऑक्झल्युरिया (लघवीत जास्त ऑक्झलेट) नाही ना?

लॅबवाला: आधी क्रिएटिनिन बघा. ते स्नायूंतून येणारं टाकाऊ द्रव्य, रोज साधारण तेवढंच पडतं, म्हणून नमुना पूर्ण आहे का ते त्यावरून कळतं. पुरुषात किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम रोज पडायला हवं, इथे जेमतेम ९. स्नायू झिजलेले असतील तर कमी येतं, पण पहिला संशय अर्धवट नमुन्याचाच. सकाळची पहिली लघवी टाकायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंतची सगळी डब्यात. शौचाला बसल्यावर होणारी लघवी हमखास सुटते.

डब्यात हायड्रोक्लोरिक आम्ल होतं का? नसेल तर ऑक्झलेटचे स्फटिक तळाशी बसतात आणि आकडा खोटा कमी येतो. आम्ल लॅबमध्ये नंतर घातलं तरी चालतं, पण सगळी लघवी नीट ढवळून. युरिक ॲसिडसाठी मात्र आम्लाविना भाग वेगळा काढा. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून आधी थांबवा. त्याचं शरीरात आणि डब्यातही ऑक्झलेट होतं.

नेफ्रो_ओपीडी: नमुना पूर्ण असता तरी मी निर्धास्त झालो नसतो. ईजीएफआर ३०च्या खाली गेला की ऑक्झलेट लघवीत कमी उतरतं, रक्तात साठतं. प्लाझ्मा (रक्तद्रवातलं) ऑक्झलेट करा. हेपरिनची नळी, लगेच बर्फात, लगेच सेंट्रिफ्यूज, प्लाझ्माला आम्ल, मग गोठवणं. नळी टेबलावर पडून राहिली तर आकडा खोटा वाढतो. डायलिसिसवर असेल तर नमुना सत्राआधी.

खडा_शंका: आणि तो आकडा वाढलेला आला तर प्रायमरी, म्हणजे जन्मजात जनुकीय हायपरऑक्झल्युरियाच समजायचं?

नेफ्रो_ओपीडी: छे. किडनी निकामी होत आली की तो कोणातही थोडा चढतो. लिटरला ३० मायक्रोमोलच्या वर मात्र ऊतींमध्ये साचण्याची धास्ती. आतड्याची बायपास किंवा चरबी न पचण्याचा आजार आहे का, हे आधी विचारा. नसेल तर एजीएक्सटी, जीआरएचपीआर, एचओजीए१ या जनुकांची चाचणी. लघवीतलं ग्लायकोलेट वाढलेलं असेल तर प्रायमरीच्या टाइप १कडे बोट जातं, पण निदान जनुकावरच.

लॅबवाला: लहान मुलांत २४ तासांचा हट्ट नको. एकदाच्या लघवीतलं ऑक्झलेट-क्रिएटिनिन गुणोत्तर चालतं, फक्त वयानुसारच्या तक्त्याशी ताडा. तान्ह्यांत ते मुळातच जास्त असतं.