गेस्ट वायफाय वायरगार्डमधून: पिंग जातो, साइट अडकतात

तिसरा_मजला
ऑफिस आणि घर, दोन्हीकडे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली), दोन्हीकडे पीपीपीओई (लॉगिन करून चालणारं इंटरनेट कनेक्शन), मध्ये वायरगार्ड व्हीपीएनचा टनेल. ऑफिसच्या गेस्ट वायफायचं (१९२.१६८.५०.०/२४) सगळं ट्रॅफिक घरच्या राउटरवरून बाहेर काढायचंय, मुख्य लॅन (ऑफिसचं आतलं नेटवर्क) थेटच राहू दे. हँडशेक (दोन राउटरांची सुरुवातीची ओळख) होतो, पिंग जातो, पण काही साइट अर्धवट उघडतात. आणि वायरगार्डचा इंटरफेस बंद पडला की गेस्ट गुपचूप वॅनवरून (ऑफिसच्या थेट इंटरनेट जोडणीवरून) बाहेर!

जुना_अँटेना
पिंगचं पॅकेट छोटं, ते जाणारच. १३९२ बाइटचा, तुकडे न करता पाठवा (हेडर धरून १४२०). तो अडकला तर एंडपॉइंट (टनेलच्या समोरच्या टोकाचा पत्ता) आयपीव्ही६ आहे का बघा: १४२० अधिक वायरगार्डचे वाढीव ८० म्हणजे १५००, पीपीपीओईत मावतात १४९२. टनेलचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४१२ ठेवा. एंडपॉइंट आयपीव्ही४ असेल तर वाढीव ६०च, १४२० चालतं; मग दोन्हीकडे वायरगार्डच्या फायरवॉल झोनला (इंटरफेसच्या गटाला) एमएसएस क्लॅम्पिंगची (टीसीपीची पॅकेटं टनेलमध्ये मावतील इतकी लहान ठेवण्याची) टिक लावा. नव्वद टक्के वेळा तीच राहिलेली असते.

वॅनवरच्या गळतीला रूटिंगचा भरवसा नको. गेस्ट झोनचं फॉरवर्डिंग फक्त वायरगार्डकडे, वॅनकडचं काढून टाका. गेस्टवर आयपीव्ही६ही बंद.

लाल_दिवा
रूटिंग असं: ऑफिसच्या राउटरवर पीअरला (समोरच्या टोकाला) अलाउड आयपीज (टनेलमधून जाऊ-येऊ द्यायच्या पत्त्यांची यादी) ०.०.०.०/०, म्हणजे सगळे, पण रूट वेगळ्या रूटिंग टेबलमध्ये, समजा १००. त्या टेबलकडे पाठवणारा नियम ‘येणारा इंटरफेस गेस्ट’ असा लिहा, सोर्स सबनेटवर नको. सोर्सवर लिहिला तर राउटरची स्वतःची डीएनएस उत्तरं (साइटच्या नावाचा आयपी सांगणारी, १९२.१६८.५०.१ वरून निघणारी) क्लायंटकडे न जाता टनेलमध्ये घुसतात, आणि माणूस वायफायला शिव्या घालत बसतो.

घरच्या बाजूला पीअरच्या अलाउड आयपीजमध्ये १९२.१६८.५०.०/२४ हवंच, नाहीतर पॅकेट मुकाट्याने टाकली जातात. गेस्टच्या डीएचसीपी ऑप्शन ६ मध्ये (क्लायंटला डीएनएस सर्व्हर सांगणारी सेटिंग) घरच्या राउटरचा टनेलमधला पत्ता द्या आणि तिथे वायरगार्ड झोनमधून पोर्ट ५३ (डीएनएसचा) उघडा. नाहीतर डीएनएस ऑफिसच्याच वॅनवरून जाईल.

तिसरा_मजला
ऑफिसची वीज जाऊन आली की टनेल बराच वेळ उठत नाही. ते का?

लाल_दिवा
बहुतेक राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. बूट झाल्यावर वेळ मागे असते. हँडशेकमधला टाइमस्टॅम्प आधीच्यापेक्षा जुना दिसला की समोरचा तो रिप्ले (जुना संदेश पुन्हा पाठवलेला) समजून नाकारतो. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) वॅनवरून थेट जायला हवं. डीफॉल्ट रूट मुख्य टेबलमध्ये टाकलात तर तेही बंद टनेलमागे अडकेल.

जुना_अँटेना
घरची वीज गेली तर मात्र आयपी बदलू शकतो. वायरगार्ड डीडीएनएसचं नाव (बदलत्या आयपीला जोडलेलं) सुरुवातीलाच सोडवतो, नंतर बघत नाही. ते नाव पुन्हा सोडवणारी वायरगार्ड वॉचडॉग स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर मिनिटाला लावा. घरचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तो सीजीनॅट (इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला), वायरगार्डच्या ५१८२० पोर्टवर बाहेरून कोणी पोचणार नाही. मग घरच्या राउटरने ऑफिसकडे कनेक्ट व्हायचं, कीपअलाइव्ह (कनेक्शन जागं ठेवणारं छोटं पॅकेट) २५ सेकंद.