ऑनलाइन लोकर घेणं थांबत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

विणणाऱ्यांनी, क्रोशेवाल्यांनी आणि घरात विणणारं माणूस असलेल्यांनी जरूर वाचा. मला खरंच मदत हवी आहे.

आजपासून एकही गुंडा घेतला नाही तरी पुढची कितीतरी वर्षं पुरेल एवढी लोकर माझ्याकडे साठली आहे. कपाट भरलं, पलंगाखालचे डबे भरले, तरी परवा रात्री मी पुन्हा कार्ट भरत होते. पैसे माझे आहेत, घरखर्चाला हात लागत नाही. पण लोकर वाढते आहे आणि विणून होणाऱ्या वस्तू कमी होत चालल्या आहेत, हे फार लागतं.

'घेऊ नकोस' हे मी स्वतःला रोजच सांगते. म्हणून नेमकं कुठे अडतं ते सविस्तर लिहिते.

सुईवरचं काम रेंगाळलं की खरेदी होते. पाठ भराभर होते, पुढचे भाग होतात, गळ्यापर्यंत मजा येते. मग बाह्या. पहिली कशीबशी उरकते. दुसऱ्या बाहीत नवीन काही शिकायचं नसतं, ठरावीक ओळींनंतर दोन्ही कडांना एकेक टाका वाढवत जायचं, बस्स. तिथे हात थांबतात आणि फोन उचलला जातो. त्या वेळी मला लोकर नको असते, नव्या कामाची सुरुवात हवी असते. टाके घालायचे, पहिल्या काही ओळींत वीण उमटताना बघायची. ऑर्डर दिली की ते सगळं आत्ताच हातात आल्यासारखं वाटतं. पार्सल येईपर्यंत उत्साह टिकतो. मग ती लडी डब्यात जाते आणि दुसरी बाही तिथेच असते.

दुसरं कारण आहे भीती. एकदा कार्डिगनसाठी लोकर कमी पडली. त्याच कंपनीची, त्याच रंगाची आणखी मागवली, पण लेबलवरचा लॉट नंबर वेगळा होता. रात्री दिव्याखाली दोन्ही गुंडे सारखेच दिसले. विणून झाल्यावर दिवसाउजेडी खांद्याखालून आडवा, जरासा गडद पट्टा स्पष्ट दिसला. रंगवण्याची प्रत्येक खेप वेगळी असते आणि तोच लॉट नंतर बहुतेकदा मिळत नाही. तेव्हापासून हात राखून घेणं जमतच नाही. आठ गुंडे पुरतील तिथे बारा येतात. वरचे चार कशालाच पुरत नाहीत, आणि त्यांना जोड म्हणून मी आणखी काहीतरी घेते.

तिसरं, सुट्या लड्या. 'आणखी एवढ्याची खरेदी करा, पाठवणं मोफत' असं दिसलं की एक लडी कार्टात पडते. अशा एकेकट्या लड्यांचाच ढीग सगळ्यात मोठा आहे. त्यात रंगांचा घोळ वेगळाच. पडद्यावर मोरपंखी दिसलेली लडी हातात आली तेव्हा शेवाळी निघाली. जाडीचाही घोळ आहे. काही ठिकाणी फोर प्लाय हे जाडीचं नाव, म्हणजे मोज्यांची बारीक लोकर. काही ठिकाणी तो नुसता पिळातल्या पदरांचा आकडा. वर्स्टेड जाडीची, म्हणजे त्याहून बरीच जाड लोकरसुद्धा चार पदरी असू शकते. फोटोवरून काय कळणार?

तर माझे प्रश्न:

लॉटची भीती खरी आहे, ती सोडून द्या असं कृपया सांगू नका. पण अंदाज नेमका कसा बांधता?

सुट्या लड्यांचं काय करता, की कुणाला तरी देऊनच टाकू?

आणि त्या दुसऱ्या बाहीच्या वेळी तुम्ही काय करता?

प्रतिसाद १

लॉटबद्दल तुम्ही अगदी बरोबर आहात, पण गुंडे मोजू नका, मीटर मोजा. लेबलवर वजन आणि लांबी दोन्ही असतात. पॅटर्नमध्ये लांबी दिलेली असते, तीत दहा टक्के मिळवा, गुंड्याच्या लांबीने भागा आणि वरचा पूर्ण आकडा घ्या. डीके जाडीचा (मोज्यांच्या लोकरीपेक्षा जाड, वर्स्टेडपेक्षा बारीक) मोठ्या माणसाचा साधा स्वेटर साधारण 1,100 ते 1,400 मीटरमध्ये होतो. पन्नास ग्रॅमच्या डीके गुंड्यात बहुधा 110 ते 125 मीटर असतात. म्हणजे बारा गुंडे कधी खरोखरच लागतील, तर कधी दहात भागेल. पोताच्या वेण्या असतील तर जास्त लोकर जाते, जाळीच्या विणीत कमी. हिशोब केलात की भीतीला एक आकडा मिळतो आणि हात तिथे थांबतो. माझा तरी थांबला.

सुरू केलेल्या गुंड्यांसाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. 50 ग्रॅममध्ये 120 मीटर, तर उरलेल्या 20 ग्रॅममध्ये 48 मीटर. हे चिठ्ठीवर लिहून गुंड्यातच खोचून ठेवायचं.

आणि लॉट वेगळे आलेच तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या, असं आलटून पालटून विणा. पट्टा पडत नाही, फरक सगळीकडे विरून जातो. हाताने रंगवलेल्या लड्यांना तर लॉट एकच असला तरी मी असंच करते.

प्रतिसाद २

ताई, सगळ्यात आधी सगळी लोकर बाहेर काढून जमिनीवर मांडा. नुसता पसारा बघायला नाही, कसर बघायला. कसरीचा पतंग लोकर खात नाही, अळी खाते, आणि तिला अंधार आणि न हललेली जागा आवडते. पलंगाखालचे डबे म्हणजे नेमकं तेच. तुटके धागे, रेशमासारखी जाळी, वाळूसारखे बारीक कण दिसले तर ती लडी लगेच वेगळी करा. घट्ट बंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दमट होतं. अ‍ॅक्रिलिक आणि स्वच्छ सुती धाग्याला सहसा धोका नाही.

लेबल हरवलेल्या धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जपून जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि ज्योत काढली की विझते, राख चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून टणक काळा मणी होतो. जाडीसाठी धागा पट्टीवर न ताणता शेजारी शेजारी गुंडाळा. एका इंचात अकराच्या आसपास वेढे बसले तर डीके, चौदाच्या आसपास तर मोज्यांची.

हे सगळं करताना आपल्याकडे काय आहे ते हाताला कळतं. मी खरेदी थांबवली नाही, पण मांडामांड केल्यावर तीच करडी लोकर तिसऱ्यांदा घेणं बंद झालं.

प्रतिसाद ३

माझं मत थोडं वेगळं आहे. लोकर जमवणं हाही एक छंद आहे आणि विणणं हा दुसरा. कर्ज होत नसेल, घरात लपवाछपवी होत नसेल, तर त्याचा एवढा जाच करून घेऊ नका. पण तुम्हाला विणून होत नाही याचं वाईट वाटतंय, म्हणून बाहीबद्दल लिहिते. दोन्ही बाह्या एकाच लांब गोल सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी एकदम विणा. वाढवायचं तिथे दोन्हीकडे त्याच ओळीत वाढतं, मोजायला लागत नाही, आणि दुसरी बाही नावाचा प्रकारच उरत नाही. मोजेही असेच होतात.

नवीन काही सुरू करायची तल्लफ आली तर घरातल्याच लडीचा नमुना विणा. दहा सेंटिमीटरपेक्षा थोडा मोठा चौकोन, धुऊन वाळवून मोजायचा. टाके घालायचा आनंद तोच मिळतो आणि त्या लडीचं काय होईल तेही कळतं. सुपरवॉश, म्हणजे मशीनमध्ये धुता येणारी लोकर धुतल्यावर सैल पडते, हे मला अशा चौकोनांनीच शिकवलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही बाह्या एकत्र विणायचं इतकी वर्षं विणत असून कधी सुचलं नव्हतं. अडकलेल्या स्वेटरची पहिली बाही झालेली आहे, ती उसवणार नाही. पुढच्यापासून तसंच.

काल सगळं मांडलं. कसर नाही निघाली, एवढं बरं झालं. लांबी लिहायला घेतली तेव्हा लक्षात आलं की सुट्या लड्यांतल्या बऱ्याचशा शंभर ग्रॅमला चारशे मीटरवाल्या आहेत, म्हणजे एकेका लडीत मोज्यांचा एकेक जोड सहज होतो. त्यांना मी आजवर निरुपयोगी समजत होते. वरचे चार गुंडे टोप्यांना जातील. डीकेच्या टोपीला दोनशे मीटर पुरतात ना?

मोफत पाठवण्याच्या मोहाला कुणी उत्तर दिलं नाही, तर मीच ठरवलंय: पॅटर्न आणि मीटर लिहिलेले असल्याशिवाय कार्टात काही टाकायचं नाही, आणि पाठवणावळ सरळ भरायची. नको असलेल्या लडीपेक्षा ती कमीच असते.

एक शंका राहिली. बारीक मोहेरच्या (शेळीच्या केसांच्या लवदार धाग्याच्या) लड्या बऱ्याच आहेत, रंग एकमेकांशी न जुळणारे. मोज्यांच्या लोकरीबरोबर दुपदरी धरून विणलं तर साधारण डीकेची जाडी येईल असं वाटतं. कुणी केलंय का? चुकलं तर मोहेर उसवताना तंतू एकमेकांत अडकतात, म्हणून टाके घालण्याआधी विचारते आहे. सुई कितीची घेतलीत तेही लिहा.