हवाई वाहतूक नियंत्रकाच्या पडद्याने उपाय सांगावा की फक्त धोका दाखवावा?

खानापूर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी:
नमस्कार. दोन विमाने पुढे किती जवळ येतील याचे गणित करून ते नियंत्रकाच्या पडद्यावर दाखवणारी एक नमुना-प्रणाली आम्ही काही मित्र शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तयार करत आहोत. मार्गावरील उड्डाणांसाठी आम्ही आडवे ५ सागरी मैल आणि उभे १००० फूट हे अंतर धरले असून २० मिनिटांपर्यंतचा अंदाज काढतो. बेळगावच्या सांबरा विमानतळावर मुंबईसारखी गर्दी नसल्यामुळे गजबजलेल्या आकाशात नियंत्रकाला नेमके काय हवे असते, हे आम्हाला इथे बसून कळत नाही. धोका दिसताच संगणकाने ‘अमुक विमान खाली आणा’ असे सांगावे, की ती जोडी दाखवून थांबावे?

टिळकवाडी, निवृत्त नियंत्रक:
आधी दोन कामे वेगळी करा. साधारण दोन मिनिटांपूर्वी मिळणारा इशारा हा शेवटचा आधार असतो, तर २० मिनिटांचा अंदाज नियोजनासाठी असतो. प्रत्येकी ताशी ४८० सागरी मैल वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने मिनिटाला १६ मैल जवळ येतात. म्हणजे २० मिनिटांपूर्वी त्यांच्यात ३२० मैल असतात, आणि तेवढ्या वेळात वारा, चढण्याचा वेग किंवा पावसाळी ढग टाळण्यासाठी वैमानिकाने मागितलेले वळण यांमुळे सारा हिशेब बदलू शकतो. म्हणून लांबच्या अंदाजाला लाल रंग देऊ नका.

नको तेव्हा येणाऱ्या इशाऱ्यांच्या प्रश्नाकडे तर मुळीच दुर्लक्ष करू नका. ६ ऑगस्ट १९९७ रोजी पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर कोरियन एअरचे विमान टेकडीवर आदळून २२८ जणांचा मृत्यू झाला. विमान जमिनीच्या फार जवळ आल्यास नियंत्रकाला सावध करणारी यंत्रणा तिथे होती, परंतु अनावश्यक इशारे टाळण्यासाठी विमानतळाभोवतालच्या फार मोठ्या क्षेत्रात ती रोखून ठेवलेली असल्यामुळे इशारा आलाच नाही.

निपाणी, सॉफ्टवेअर अभियंता:
सरांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. उपायाबद्दल सांगायचे तर १ जुलै २००२ चा जर्मनीतील युबरलिंगेनचा अपघात नीट अभ्यासा. रशियन विमानाला नियंत्रकाने खाली येण्यास सांगितले, विमानातील टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेने वर जाण्यास सांगितले, आणि दुसऱ्या विमानाशी झालेल्या टकरीत ७१ जणांचे प्राण गेले. देखभालीच्या कामामुळे त्या रात्री नियंत्रकाच्या पडद्यावर दिसणारा इशाराही उपलब्ध नव्हता. त्यामुळे आपली प्रणाली चालू आहे की बंद, हे पडद्यावर सतत दिसले पाहिजे. थेट आज्ञा देण्याऐवजी नियंत्रकाने नवी उंची निवडून पाहावी आणि त्यातून दुसऱ्या कोणत्या विमानाशी अडचण होते ते संगणकाने दाखवावे, ही रचना मला अधिक योग्य वाटते.

खानापूर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी:
दोघांचेही मनापासून आभार. मग चाचणीत आम्ही काय मोजावे?

टिळकवाडी, निवृत्त नियंत्रक:
खरा धोका किती आधी दिसला आणि धोका नसताना किती इशारे आले, या दोन्हींची नोंद एकत्र ठेवा, कारण पहिला आकडा सुधारताना दुसरा बहुधा बिघडतो. आणि चाचणीला केवळ वर्गमित्र न बसवता, प्रत्यक्ष हे काम केलेली एक तरी व्यक्ती बसवा.