हिवाळी पाहुणे: यंदा काय दिसलं, आधीचं काय आठवतं?

भीमाकाठची: काल रात्री गच्चीवर कपडे काढायला गेले नि डोक्यावरून आँग-आँग करत थवा गेला. दिसलं काहीच नाही पण आवाज ओळखीचा, पट्टकादंब, हंसासारखे मोठे पक्षी! एकदम आजोबाच आठवले. त्यांचं घर उजनीच्या पाण्याखाली गेलेलं, धरणाचं नाव काढलं की चिडायचे, पण थंडीत पहाटे हा आवाज आला की घोंगडीतूनच म्हणायचे, "आले बघ, आपल्या शेतात उतरायला." शेत कुठलं, सगळं पाणीच. पाणी उतरलं की मला गाळपेरीतला हरभरा खाणारे कादंब दाखवायला न्यायचे, पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतात हे मला फार नंतर कळलं, आजोबांना कधीच नाही. तुमचंही लिहा.

टिबुकली: वाचून गलबलले गं. माझी आठवण अशी काही नाही, एकदा भल्या पहाटे धुक्यात ३४ बदकं मोजून वहीत लिहिली, ऊन पडल्यावर निम्मी कोळ्यांच्या जाळ्याचे थर्माकोल निघाले 😂

माळावरचा: @टिबुकली थर्माकोल कधी उडून जात नाही, निवांत फोटो मिळतो की

जुना_दुर्बीणवाला: ताई, रात्रीचा आवाज म्हणजे चक्रवाक बदकंही असू शकतात, तेही आँग असंच ओरडतात. न बघता पट्टकादंब म्हणू नये.

भीमाकाठची: काका, आजोबांचा कान आहे माझा.

शेकाट्या: नाशिककडच्या नांदूर मधमेश्वरला गेलो होतो रविवारी. थापटे बघितले, म्हणजे रुंद चपट्या चोचीची बदकं, वीसेक जण एकामागे एक गोल गोल फिरत होते, चोच पाण्यात आणि पुढच्याच्या शेपटीशी डोकं. पाय मारून खालचं खाणं वर येतं ना, ते पुढच्याच्या मागून गाळून घ्यायचं. बायको म्हणाली, हे तर लग्नातल्या बुफेसारखं. मग दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि सगळे वारकरी पक्षी एका ठिकाणी गोळा झाले, काळी सतरंजी पसरल्यासारखे, तो खाली आला की पाणी उडवत सुटायचे. त्याला काहीच मिळालं नाही. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झालं तेव्हापासून गर्दी वाढलीय, सकाळी लवकर जा.

नवीनच: एक विचारायचं होतं, ऑक्टोबरमध्ये गेलो तर थापट्या, भुवई बदक सगळ्या माद्याच दिसल्या, नर येत नाहीत का लवकर?

जुना_दुर्बीणवाला: येतात. विणीनंतर नराचे भडक पिसारे गळून मादीसारखे मळके होतात, तेव्हा उडता येत नाही म्हणून लपून राहावं लागतं. मग हिवाळ्यात हळूहळू रंग चढतात. थापट्याची चोच बघ, ती कुठे जाणार.

नवीनच: धन्यवाद काका. दुर्बीण ८ बाय ४२ घ्यावी का १० बाय ५० ?

माळावरचा: ८ बाय ४२. दुसरी अर्ध्या तासात मनगट मोडते आणि चहाचा कप धरवत नाही

ज्वारीवाला: तुमचे पाहुणे म्हणता खरे, पण भोरड्या पक्ष्यांचं काय? ज्वारी हुरड्यात आली की हजारोंनी उतरतात, आम्ही माळ्यावर बसून गोफण फिरवतो. लहानपणी शाळा चुकवायला हे बरं कारण होतं. आई म्हणायची नाकतोडे पण खातात, राहू दे थोडी.

टिबुकली: दादा, हुरडा कधी? पक्षी राहू देत 😋

शेकाट्या: एक राग आहे. मागच्या वर्षी एका नाववाल्याने फोटोसाठी बोट थेट रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या थव्यात घातली, सगळा थवा उठला, सगळे टाळ्या वाजवतायत. उथळ चिखलात चोच उलटी घालून चरत होते बिचारे, खाणं सोडून उडायचं म्हणजे ताकद जाते. मी ओरडलो तर म्हणाला साहेब, पैसे तुम्ही पण दिलेत.

भीमाकाठची: अगदी खरं. यंदा पाणी अजून भरलेलं आहे, उथळ जागा उघडी पडली नाही की रोहित उशिरा येतात, तोवर तरी सुखात आहेत.

...आत्ता परत आवाज आला! गॅसवर दूध तसंच टाकून गच्चीत पळाले. चांदण्यात ११ मोजले, ओळीत नव्हे, बाणाच्या टोकासारखे. काका, माना लांब होत्या. दूध उतू गेलं.

जुना_दुर्बीणवाला: बरं, कादंब तर कादंब. गॅस पुसा आधी.