सोडा-लिंबाचा फुगा फुगतच नाहीये, मदत करा

चौथीची_आई:
नमस्कार मंडळी, सुट्टीत रोज एक प्रयोग करू असं मुलाला कबूल करून बसलेय आणि पहिल्याच दिवशी तोंडावर पडलेय. बाटलीत अर्ध्या लिंबाचा रस, फुग्यात चमचाभर खायचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडाला ओढून बसवला आणि उलटा केला. फसफस झाली, फुगा जरासा उभा राहिला आणि मान टाकली. लेक म्हणतो आई तुझा सोडाच खराब आहे. चार वेळा केलं, आता वरणावर पिळायला लिंबू नाही घरात. काय चुकतंय? घरातल्या सामानातलं अजून काही असेल तर तेही सांगा, किट नको, मागच्या वर्षीचं माळ्यावर पडलंय.

निवृत्त_मास्तर:
सोडा चांगला आहे हो ताई, आम्ल कमी पडतंय. अर्ध्या लिंबातून जेमतेम पाव लिटर वायू निघतो, त्यातला थोडा त्या रसातच विरघळतो. पांढरं व्हिनेगर घ्या 100 मिली, सोडा 7 ग्रॅम म्हणजे साधारण दीड छोटा चमचा, दीड ते दोन लिटर कार्बन डायऑक्साइड निघेल. फुगा आधी तोंडाने दोनतीनदा फुगवून सैल करा. आणि हे माप मुलाला आधीच सांगू नका, सोडा तेवढाच ठेवून व्हिनेगर 25, 50, 100, 200 मिली घ्यायला लावा आणि दरवेळी फुग्याचा घेर दोऱ्याने मोजू दे. बाटलीला बूच मात्र कधीच लावायचं नाही.

हळदकुंकू:
आमच्याकडे हळद हिट आहे. शर्टावरच्या वरणाच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तेच. हळद पाण्यात धड विरघळत नाही म्हणून सॅनिटायझरमध्ये कालवायची, टिपकागदाला लावून वाळवायची आणि पट्ट्या कापायच्या. साबणाच्या पाण्यात लाल, वर लिंबू पिळलं की परत पिवळी. माझी लेक मग घरभर पट्ट्या घेऊन फिरली, टूथपेस्ट, ताक, आजोबांचं अँटासिड काही सोडलं नाही. निळी गोकर्ण असेल तर तिचं पाणीही करा, लिंबाने जांभळं-गुलाबी होतं.

बघ्या:
+१ हळदीला, फक्त कोणी पानाचा चुना वापरणार असेल तर तो मोठ्यांनीच हाताळा. पुडी दाबताना चुना डोळ्यात उडाला तर डोळा कायमचा जाऊ शकतो, गंमत नाही. बाकी खेळण्यांसाठी अरविंद गुप्तांचे व्हिडिओ बघा, मराठीतही आहेत, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान शोधिकेत ते टाकाऊ सामानातून हेच करायचे.

चौथीची_आई:
मास्तर, फुगला!! घेर आला 29, 36, 45 आणि 200 मिलीला परत 45च. सोडा संपला असणार हे त्याचं त्यानेच सांगितलं, मी गप्प होते (मलाही माहीत नव्हतं). पण आता डोकं खातोय की व्हिनेगर दुप्पट केलं तर घेर दुप्पट का नाही झाला?

निवृत्त_मास्तर:
वा! फुगा सगळ्या बाजूंनी फुगतो ना, म्हणून वायू दुप्पट झाला तरी घेर सव्वापटच होतो. 29 ची सव्वापट करायला सांगा त्याला. पटलं नाही तर फुग्याला गाठ मारून काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. खाली मोठी परात ठेवा, नाहीतर घरचे मला शिव्या घालतील.