मदत हवी आहे: कोकमाच्या छोट्या उद्योगासाठी प्रेसनोट पाठवणारी सर्व्हिस कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

आमचं वेंगुर्ले तालुक्यात कोकमाचं छोटं युनिट आहे. आई आणि वाडीतल्या अकरा बायका मिळून चालवतात, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं आणि सरबताचं सिरप एवढंच करतो. मी ठाण्याला नोकरीला असते, लेबलं, कुरियर, हिशोब, इन्स्टाग्राम हे सगळं इथून बघते. यंदा मार्चपासून पुण्या-मुंबईच्या दुकानांत माल ठेवायचाय आणि त्याआधी कुठेतरी बातमी यावी असं फार मनात आहे, कारण दोन-तीन दुकानदारांनी सरळ विचारलं, कुठे छापून आलंय का तुमचं, आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

खरं म्हणजे मागच्या वर्षी एकदा प्रयत्न केला होता. एका एजन्सीला (नाव लिहीत नाही) साडेआठ हजार दिले, दीडशे वेबसाइटवर बातमी लागेल म्हणाले आणि लागलीही, म्हणजे एक्सेल शीटमध्ये दीडशे लिंक आल्या. रात्री बसून एकेक उघडली. बहुतेक नावं मी कधी ऐकलेलीसुद्धा नव्हती, सगळीकडे शब्द न् शब्द तोच इंग्रजी मजकूर, आणि होमपेजवरून ती बातमी शोधायला गेलं तर सापडतच नाही. त्या महिन्यात त्या सगळ्या लिंकांवरून आमच्या वेबसाइटवर नऊ जण आले. दोन महिन्यांनी निम्म्या लिंक उघडतही नव्हत्या. त्यातलं एक पान प्रिंट काढून आईला नेऊन दाखवलं तर ती म्हणाली, ह्यात आपला फोन नंबर खंय आसा? मला फार वाईट वाटलं, कारण ते पैसे बायकांच्या मजुरीतून वाचवलेले होते.

आता माझ्यापुढे तीन कोटेशन आहेत. एक बारा हजार अधिक जीएसटी, दोनशे वेबसाइट 'गॅरंटी'. दुसरं पस्तीस हजार अधिक जीएसटी, ह्यात मोठ्या वृत्तसंस्थेच्या साइटवर येईल असं सांगतात. तिसरे पुण्याचे एक गृहस्थ, अठरा हजारांत पाच मराठी पेपरांत 'बातमी म्हणून' छापून आणतो म्हणतात, पण पावती कशाची देणार हे विचारलं की विषय बदलतात.

ह्यातलं कोणतं घ्यावं, की चौथंच काही करावं? आणि ह्या लिंकांमुळे गुगलवर आपण वर येतो हे खरं का? मी केलेल्या प्रेसनोटचं हेडिंग असं आहे, 'कोकणातील अग्रगण्य ब्रँडचे पित्त, अ‍ॅसिडिटी व लठ्ठपणावर रामबाण जीआय कोकम सिरप आता पुण्या-मुंबईत'. तेही कसं वाटतं सांगा. बजेट फार तर वीस हजार.

प्रतिसाद

ताई, मी चौदा वर्षं एका मराठी दैनिकात जिल्हा डेस्कवर उपसंपादक होतो म्हणून सांगतो, तिन्ही घेऊ नका.

आधी ह्या सर्व्हिस मुळात कशासाठी आहेत ते बघा. पीआर न्यूजवायर १९५४ सालची, बिझनेस वायर १९६१ सालची, दोन्ही अमेरिकेतल्या. शेअर बाजारातल्या कंपन्यांना निकाल वगैरे सगळ्यांना एकाच वेळी कळवायचे असतात, त्यांना ह्यांचा खरा उपयोग. तुमचं गिऱ्हाईक कोथरूडच्या दुकानात उभं आहे, त्याच्यापर्यंत ती वायर जातच नाही. मोठ्या वृत्तसंस्थेच्या साइटवर येतं म्हणतात ते खोटं नाही, पण ते प्रेस रिलीजच्या वेगळ्या कप्प्यात येतं आणि खाली स्पष्ट लिहिलेलं असतं की हा मजकूर अमक्या कंपनीशी असलेल्या व्यवस्थेतून आलाय, संपादकीय जबाबदारी आमची नाही. तिथे कुठल्या बातमीदाराने तुमच्या आईला फोन करून काही विचारलेलं नसतं. दोनशे वेबसाइटचं तर तुम्ही स्वतःच अनुभवलंय, फीड आपोआप ओतली जाते, माणूस वाचतच नाही.

गुगलचं म्हणाल तर प्रेस रिलीजमध्ये मुद्दाम कीवर्ड घालून लिंका पेरणं हे ते स्पॅमच्या यादीत धरतात. २०१३ पासून हे चालू आहे. तेव्हा 'बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका) मिळतील' म्हणून कोणी विकत असेल तर तिथेच थांबा.

पुण्याच्या गृहस्थांपासून तर लांबच राहा. पैसे घेऊन बातमी म्हणून छापणं म्हणजे पेड न्यूज. जाहिरात करायची तर पेपरच्या जाहिरात विभागाकडे जा, रीतसर पावती घ्या.

आता हेडिंग. रागावू नका, पण हे आमच्या डेस्कवर आलं असतं तर मी पहिल्या ओळीलाच बाजूला ठेवलं असतं. आणि हे छापलं जाण्यापेक्षा न छापलं गेलेलंच तुमच्या हिताचं. खाण्याच्या वस्तूबद्दल आजार बरा होतो असं म्हणता येत नाही, एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचे, जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम आहेत, तुमचा लायसन्स नंबर बाटलीवर आहे, कोणी तक्रार केली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. जीआयचंही, म्हणजे भौगोलिक मानांकनाचंही, तसंच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय आहे हे खरं, पण तो शब्द आपल्या मालावर वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. तुमची झालीय का?

बातमी कुठे आहे ते तुम्ही मजकुरात लिहिलंच नाहीये. अकरा बायका वर्षभर काय करतात? रातांबे (कोकमाची फळं) किती घेता, काय भावाने, आमसुलं वाळत असताना मेमध्ये वळवाचा पाऊस आला की काय करता? अ‍ॅग्रोवन ह्या शेतीच्या दैनिकात अशा गटांच्या यशोगाथा येतात, लोक त्या वाचून फोन करतात. तीनशे शब्दांत मराठीत युनिकोडमध्ये लिहा, ईमेलच्या अंगातच पेस्ट करा, पीडीएफ नको कारण त्यातून मजकूर उचलताना जोडाक्षरं फुटतात. बायका काम करतानाचा एक आडवा फोटो, कोण कोण आहे ते नाव-गावासह, आणि आईचा नंबर. तालुक्याच्या वार्ताहरांना आधी भेटा. ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, १८३२ मध्ये ह्याच तारखेला 'दर्पण' निघालं, आणि बाळशास्त्री जांभेकर तर तुमच्याच जिल्ह्यातले, देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे. तालुक्यात त्या दिवशी कार्यक्रम असतो, सगळे एका ठिकाणी भेटतात. यंदाचा चुकला असेल तर कोणाला तरी मध्ये घालून ओळख करून घ्या, पण तोंडओळख हवीच.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, फक्त एक भर घालतो. आमचं गोव्यात काजूचं आहे. मी वायरवर एकदा पैसे घातलेत आणि मला ते फळले, पण कारण वेगळं होतं. बाहेरच्या देशातला खरेदीदार कंपनीचं नाव गुगलवर टाकून बघत होता आणि आमची वेबसाइट सोडून दुसरं काहीच येत नव्हतं. तेव्हा ओळखीच्या नावाच्या साइटवर एक पान असणं कामाला आलं. निर्यात करणार असाल तर पुढे कधीतरी विचार करा. घेतलीत तर पैसे देण्याआधी मागच्या तीन गिऱ्हाइकांच्या सहा महिने जुन्या लिंका मागा आणि उघडून बघा. मराठीत जाणार का, भाषांतर कोण करणार, पान किती दिवस राहणार आणि चूक निघाली तर बदलून देणार का, हे ईमेलवर लेखी घ्या. फोनवर सगळे हो म्हणतात.

मूळ प्रश्न विचारणारी

दोघांचे मनापासून आभार, दादा तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, मी आईला फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. जीआयची नोंदणी आमची नाहीये, मला वाटायचं सिंधुदुर्गातलं कोकम असलं की झालं. तो शब्द आणि रामबाण दोन्ही काढले, इन्स्टाग्रामवरच्या दोन पोस्टमध्येही अ‍ॅसिडिटीचं लिहिलं होतं, त्याही आज काढून टाकल्या.

तिन्ही कोटेशनना नाही कळवलंय. वीस हजारांतले थोडे चांगल्या फोटोंसाठी आणि पुण्यातल्या दुकानांत चव द्यायला बाटल्या ठेवायच्यात त्यासाठी वापरते. शनिवारी गावी जातेय. पावसाचं विचारलंत ना, तर गेल्या मेमध्ये दोन रात्री सगळ्या बायकांनी अर्धी वाळलेली आमसुलं उचलून शाळेच्या पडवीत पसरली होती आणि सकाळी पुन्हा रसात बुडवून उन्हात घातली, हे मला कधी लिहावंसं वाटलंच नव्हतं. तेवढंच घेऊन नवीन मजकूर लिहितेय. रविवारी इथे टाकते, दादा जमलं तर एकदा नजर घाला, आणि अकराही जणींची नावं घातली तर डेस्कवर कापतात का तेवढं सांगा, कारण आईचं म्हणणं आहे की नावं सगळ्यांची यायला हवीत.