भाचीला ट्रान्सफ्युजन मेडिसिन मिळालंय, यात रिसर्चला वाव असतो का?

मामा_नाशिककर:
नमस्कार मंडळी. भाचीला पीजीला एमडी आयएचबीटी मिळालंय, म्हणजे रक्तपेढीची लाईन. घरी सगळ्यांचे चेहरे पडलेत, तिचे बाबा म्हणतात एवढं शिकून रक्ताच्या पिशव्या मोजत बसणार का, त्यापेक्षा वर्षभर थांब नि परत परीक्षा दे. तिला स्वतःला व्हायरस, इन्फेक्शन वगैरे रिसर्चची खूप आवड आहे. मी पडलो कॉमर्सवाला, मला यातलं काही कळत नाही. रक्तपेढीत राहून कुणी मोठं संशोधन केलंय का? शनिवारी तिच्या घरी जायचंय, त्याआधी जरा सांगा.

मायक्रोवाली:
मामा, तिच्या बाबांना हार्वे आल्टर हे नाव सांगा. २०२० चं मेडिसिनचं नोबेल तिघांना मिळालं, त्यातले हे एक, आणि हा माणूस रक्तपेढीचाच. अमेरिकेत एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेच्या हॉस्पिटलमधे १९६१ ला आले, मधली काही वर्षं सोडली तर अख्खी करिअर तिथेच, नोबेल मिळालं तेव्हा वय ८५.

सुरुवात बघा कशी झाली. ज्यांना खूपदा रक्त चढवलंय अशा पेशंटच्या सीरममधे (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) दुसऱ्यांच्या रक्ताविरुद्ध काही तयार होतं का हे बारूक ब्लमबर्ग आणि आल्टर जेलच्या प्लेटवर तपासत होते. एका हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पेशंटचं सीरम आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचं सीरम यांच्यामधे एक रेघ उमटली, म्हणजे दोघांची एकमेकांशी प्रतिक्रिया झाली, पण ती रेघ त्यांच्या नेहमीच्या रेघांसारखी रंग घेईना. तेच ऑस्ट्रेलिया अँटिजेन, १९६५ ला पेपर आला, आणि पुढे काही वर्षांनी कळलं की ही तर हिपॅटायटिस बी व्हायरसची खूण आहे. आज आपल्याकडे प्रत्येक बाटलीची जी एचबीएसएजी टेस्ट होते ती तिथून आली.

पण मला विचाराल तर त्यांचं खरं मोठं काम त्यानंतरचं. ओपन हार्ट सर्जरीत रक्त चढवलेल्या पेशंटना त्यांनी वर्षानुवर्षं फॉलो केलं, रक्त देण्याआधीचे नि नंतरचे सॅम्पल घेत राहिले आणि सगळे फ्रीजरमधे जपून ठेवले. साठच्या दशकात तिथे अशा पेशंटपैकी जवळपास ३० टक्के लोकांना कावीळ किंवा लिव्हरचा त्रास व्हायचा! १९७० ला पैसे घेऊन रक्त देणारे डोनर बंद केले, बी ची टेस्ट सुरू केली, तर प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आलं. मग हे उरलेले कुठून? १९७५ ला तपासलं तर ए पण नाही आणि बी पण नाही, म्हणून नावच पडलं नॉन-ए नॉन-बी. व्हायरस हातात यायला १९८९ उजाडलं, तो सापडवला मायकेल हॉटन आणि त्यांच्या टीमने, तोच हिपॅटायटिस सी.

सांगलीची_लेक:
हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या आईला १९९४ ला ऑपरेशनच्या वेळी दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. आपल्याकडे डोनरच्या रक्ताची सी ची टेस्ट सक्तीची झाली २००१ ला. आईला काहीच त्रास नव्हता, नुसता थकवा, आम्ही म्हणायचो वय झालं. पंधरा-सोळा वर्षांनी कसल्यातरी तपासणीत एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) वाढलेलं निघालं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कधी रक्त चढवलं होतं का? इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी हाल झाले, केस गेले, आणि तरी व्हायरस गेला नाही. २०१६ ला सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविरच्या गोळ्या तीन महिने घेतल्या आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला, अजून निगेटिव्हच आहे. आई आता ७४ ची आहे, गच्चीवर पापड घालते. मामा, भाचीला म्हणावं सोडू नकोस ही सीट.

लाल_पिशवी:
मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे, १७ वर्षं झाली. मायक्रोवालीताईंनी फ्रीजरचं लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे हो. व्हायरस सापडल्याचा दावा करणाऱ्या लॅबना आल्टर नुसते कोड नंबर टाकलेले सॅम्पल पाठवायचे, त्यात पक्के संसर्गाचे आणि पक्के निरोगी मिसळलेले. कित्येक लॅबना ओळखता आले नाहीत, हॉटनच्या टीमच्या टेस्टने बरोबर ओळखले आणि मग कुठे विश्वास बसला. १९९० पासून अमेरिकेत डोनरची सी ची टेस्ट सुरू झाली.

आणि काम संपलेलं नाही. आम्ही रोज एचआयव्ही, बी, सी, सिफिलिस, मलेरिया तपासतो, पण संसर्गानंतर शरीरात अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे नुकताच संसर्ग झालेला डोनर अँटिबॉडी टेस्टमधे सुटू शकतो, त्या मधल्या काळालाच विंडो पिरियड म्हणतात. थेट व्हायरसचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या नॅट टेस्टने तो बराच कमी होतो पण ती आपल्याकडे सक्तीची नाही, सगळीकडे परवडत पण नाही.

मामा_नाशिककर:
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीच्या ताई, आईंना नमस्कार सांगा. भाचीला लिंक पाठवली, तिने लगेच विचारलंय की थिसिससाठी असा फॉलोअपचा विषय एवढ्या कमी वेळात जमेल का?

मायक्रोवाली:
जमेल की. थॅलेसेमियाची मुलं दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यायला येतात, म्हणजे तेच पेशंट परत परत भेटणार. तिच्या कॉलेजला त्यांचं डे केअर सेंटर आहे का ते आधी बघायला सांगा. आणि रुजू झाल्या झाल्या गाईडना दोन गोष्टी विचारायच्या, एथिक्स कमिटीची परवानगी किती दिवसांत मिळते आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधे तिच्यासाठी एक रॅक मोकळा मिळेल का.